चंपाबाईंचे दोन पंच

चंपाबाई लडकत कोथरूडला राहायला आल्या, त्या दिवशी 'स्नेहवर्धिनी' सोसायटीचे सेक्रेटरी यज्ञेश्वर खांबेटे फाटकात उभे होते. स्वागताला नव्हे. खांबेटे कुणाच्या स्वागताला उभे राहिले असते, तर लोकांनी आधी त्यांचं ब्लडप्रेशर तपासलं असतं. टेम्पोचं चाक कुंडीला लागतं का, एवढंच बघायला ते उभे होते.

"सामान लिफ्टनं न्यायचं नाही," ते म्हणाले. "लिफ्ट माणसांसाठी आहे."

"माझं घर तळमजल्यावर आहे."

"मग प्रश्नच नाही. पण नियम सांगून ठेवला."

सोसायटीचं नाव स्नेहवर्धिनी. तिथे आजवर वाढला तो फक्त मेंटेनन्स. खांबेटे पहिल्या मजल्यावर राहतात, आणि चंपाबाईंच्या दारासमोर दीपमाला शिवरकर. दीपमालाबाई घरीच शिवणाचे क्लास घेतात. त्यांचं लाकडी दार दिवसभर उघडं आणि जाळीचं दार बंद. जाळीमागे मशीन. मशीन चालू असलं की समजावं, बाहेर बघण्यासारखं काही नाही. खांबेटे आणि शिवरकर बाई यांचं पाण्याच्या मोटरवरून वाकडं आहे. पहिली शिवी कुणी दिली, यावर दोघांत अजून मतभेद आहेत.

आता चंपाबाई कोण, तर बिबवेवाडीच्या. त्यांचे मिस्टर मंगल कार्यालयात आचारी होते. आयुष्यभर लोकांच्या लग्नात बुंदी पाडली आणि स्वतःच्या मागे एक झारा ठेवून गेले. मूलबाळ नाही. बाई ज्या चाळीत भाड्यानं राहायच्या ती मालकानं बिल्डरला दिली. ज्यांच्याकडे कागद होते त्यांना घरं मिळणार होती. चंपाबाईंकडे कागद नव्हते, त्यांना नारळ मिळाला. तेवढ्यात बहिणीची मुलगी स्वराली बंगळूरला नोकरीला निघाली. तिचा स्नेहवर्धिनीतला एका खोलीचा फ्लॅट रिकामा पडणार होता. ती म्हणाली, "मावशी, भाडेकरू भिंतींना खिळे ठोकतात. तूच राहा. लाइटबिल आणि मेंटेनन्स तेवढा बघ."

तेवढा बघायला चंपाबाईंकडे होते निराधार योजनेचे पैसे, जे सरकारकडून दर महिन्याला खात्यात यायचे, आणि पोटाला रेशनचं धान्य. बस्स. हे बंद पडलं तर पुढचा मुक्काम लोणी काळभोर, दीर बापूरावांच्या घरी. बापूरावांचा अधूनमधून फोन यायचा. "वहिनी, हिथं काय कमी हाय? दोन येळचं जेवान हाय, डोक्यावर पत्रा हाय. या की." दोन वेळचं जेवण होतं हे खरं. फक्त ते घरातल्या सगळ्यांसाठी चंपाबाईंनी करायचं होतं, आणि पत्रा होता तो गोठ्यावर. एकदा तिथे गेलं की परत येणं नाही, हे त्या ओळखून होत्या.

पण बाईंच्या डोक्यात त्या दिवशी वेगळाच किडा होता. बिबवेवाडीच्या चाळीत त्यांना चंपा कुणी म्हणत नसे. 'ती निराधार.' अर्धा पाव जिलबी आणली तर नळावर चर्चा, "निराधाराकडे जिलबी. आमच्याकडे आधार आहे, पण जिलबी नाही." नवी साडी नेसली तर, "सरकार नेसवतंय हो." ऐकून ऐकून कान किटले होते. कोथरूडात हे नाव येऊ द्यायचं नाही, असं त्यांनी टेम्पोत बसल्या बसल्याच ठरवून टाकलं.

म्हणून, टेम्पो रिकामा होत असताना खांबेट्यांनी जेव्हा विचारलं, "बिबवेवाडीचं घर विकलंत का?" तेव्हा चंपाबाई पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "विकतेय कशाला? बिल्डरला दिलंय. दोन फ्लॅट देतोय. तोवर भाचीचं घर सांभाळायला आले."

"दोन?" खांबेट्यांनी कुंडीवरची नजर काढली.

"एक म्हणत होता. मी म्हटलं, चालायचं नाही."

थाप मोठी असली की माणसाला आपोआप उंच वाटतं. त्या दिवसापासून चंपाबाईंची मान इंचभर वर गेली ती गेलीच. शिवरकर बाईंनी चपलांचं कपाट पॅसेजमध्ये पुढे सरकवलं, तर चंपाबाईंनी ते पायानं मागे सरकवलं. "आमच्या नव्या बिल्डिंगमध्ये पॅसेजच आठ फुटांचे आहेत," असंही वर ऐकवलं.

"मग तिकडेच जायचंत," शिवरकर बाई जाळीतून म्हणाल्या.

"तयार झाली की जाणारच आहे. इथं काय जन्म काढायचाय?"

रेशनचं तेवढं अवघड होतं. हल्ली अंगठा कुठल्याही दुकानात चालतो. स्नेहवर्धिनीपासून चार पावलांवर रेशनचं दुकान आहे. पण त्या चार पावलांत अख्खी सोसायटी भाजीला जाते. तेव्हा चंपाबाई दर महिन्याला बस पकडून पार बिबवेवाडीला जायच्या, तिथल्या दुकानात अंगठा लावायच्या, आणि गहू-तांदूळ एका भारी साडीच्या दुकानाच्या पिशवीत भरून परत यायच्या. साडीच्या पिशवीनं हात ताणला जातो आणि बाई एका बाजूला कलतात, हे शिवरकर बाईंनी जाळीतून पाहिलं होतं. "पैठणी घेतली वाटतं," त्या म्हणाल्या होत्या. "जड जरीची दिसतेय."

मग आला सोसायटीचा सत्यनारायण. प्रसादाचा शिरा कोणी करायचा यावर मीटिंग. दरवर्षी तो बाहेरून यायचा आणि दरवर्षी खांबेटे म्हणायचे की यात डालडा आहे. चंपाबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. आचाऱ्याची बायको; शिऱ्याचं नाव निघाल्यावर तिला गप्प बसवेना. "मी करते," त्या म्हणाल्या. "माझ्यातर्फे. साजूक तुपातला."

तूप आणायचं कुठून? त्या लोणी काळभोरला गेल्या. बापूरावांच्या सुनेचं बाळंतपण होतं. आठवडाभर तिथे भांडी घासली, शेणघाण काढली, तीस माणसांचं रांधलं. निघताना दिरानं घरच्या म्हशीच्या तुपाची बरणी दिली. दिली म्हणजे, बाईंनी शिंक्यावरची काढून घेतली आणि ते काही बोलले नाहीत. त्या तुपात शिरा झाला. रवा असा भाजला होता की वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. लोकांनी दोन दोन वेळा हात पुढे केले. खांबेट्यांनी तीर्थ घेऊन प्रसाद खाल्ला आणि म्हणाले, "ठीक आहे." खांबेट्यांच्या तोंडचं 'ठीक आहे' म्हणजे दुसऱ्या कुणी घातलेला हार. सोसायटीच्या फलकावर नाव लागलं, 'प्रसाद सौजन्य: श्रीमती चंपाताई लडकत'. बाई त्या दिवशी फलकासमोरून तीनदा कचरा टाकायला गेल्या.

इथवर सगळं झकास होतं. पण पत्ता बदलला की निराधारच्या ऑफिसात कळवावं लागतं. नाही कळवलं, तर जुन्या पत्त्यावर चौकशीला गेलेला माणूस 'सदर बाई येथे राहत नाही' असं लिहून मोकळा होतो आणि पैसे बंद. चंपाबाईंनी जाऊन अर्ज दिला. खिडकीतला माणूस म्हणाला, "घरी चौकशीला येतील. शेजारचे दोन पंच लागतील. तुम्ही तिथं राहता आणि तुम्हाला कुणाचा आधार नाही, असं त्यांनी सांगितलं की पंचनाम्यावर त्यांच्या सह्या."

"पंच बिबवेवाडीचे चालतील का?" बाईंनी विचारलं. "तिथं माझी चांगली ओळख आहे."

"काकू, राहता कुठं?"

"कोथरूडला."

"मग शेजारी कुठले पाहिजेत?"

बाई परतीच्या बसमध्ये बसल्या. ज्या बिबवेवाडीला नावं ठेवत त्या निघाल्या होत्या, तिथे निराधार म्हणून सही करायला अख्खी चाळ धावली असती. आणि इथे? इथे त्यांनी स्वतःच्या तोंडानं स्वतःला दोन फ्लॅटची मालकीण करून ठेवलं होतं.

त्यांनी एक शक्कल काढली. चौकशीला येणाऱ्याला फाटकावरच गाठायचं, चहा पाजायचा आणि हळू आवाजात काय ते सांगायचं. रोज सकाळपासून त्या फाटकाजवळच्या कठड्यावर ऊन खात बसू लागल्या. "व्हिटॅमिन डी," असं लोकांना सांगायच्या. आणि नेमक्या ज्या दिवशी मोटर बंद म्हणून अंघोळीला उशीर झाला, त्या दिवशी तलाठी ऑफिसातल्या पायल मॅडम आल्या. तरुण पोरगी, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात फाइल. फाटकात खांबेटे.

"इथं चंपा लडकत कोण राहतात? निराधारची चौकशी आहे."

"निराधार?" खांबेटे म्हणाले. "मॅडम, पत्ता चुकलात. इथे निराधार कोणी नाही. इथे सगळे सभासद आहेत."

मॅडमनी कागद दाखवला. खांबेट्यांनी तो वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग त्यांच्या चेहऱ्यावर अशी शांती पसरली की बघणाऱ्याला वाटावं, माणसाला साक्षात्कार झाला. ते स्वतः मॅडमना चंपाबाईंच्या दारापर्यंत घेऊन गेले आणि बेल दाबली. दाबलेली सोडली नाही.

चंपाबाई ओल्या केसांना पंचा गुंडाळून दारात आल्या. समोर खांबेटे, मॅडम, आणि पलीकडे जाळीमागचं मशीन थांबलेलं.

"या लडकत बाई," खांबेटे म्हणाले. "यांचं बिबवेवाडीला स्वतःचं घर. बिल्डर दोन फ्लॅट देतोय. एकावर या तयार नव्हत्या. माझ्याजवळ स्वतः बोलल्यात, त्या तिथे पायरीवर. आता यांना निराधार म्हणायचं असेल तर मला अनाथ म्हणा."

पायल मॅडमनी पेन काढलं. "काकू, हे खरंय का?"

चंपाबाईंनी एकदा घरात बघितलं, जणू आत कोणी उत्तर देणारं बसलंय. आत त्यांना लोणी काळभोरचा पत्रा दिसत होता.

"खोटं आहे. मी खोटं बोलले होते. घर भाड्याचं होतं. मला काही मिळणार नाही. हा फ्लॅट भाचीचा. मी नुसती राहते."

"वा," खांबेटे म्हणाले. "मॅडम, एक लक्षात घ्या. ही बाई एक तर तेव्हा खोटं बोलली, नाही तर आता बोलतेय. मी सही नक्की कशावर करू?"

"सर, तुम्ही 'माहीत नाही' म्हणालात तर मी तसं लिहीन."

"माहीत नाही कसं? माहीत आहे. दोन फ्लॅट."

"काकू, मग अवघड आहे," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, घाईच होती. "फ्लॅट भाचीचा आहे त्याचा कागद आहे, ते ठीक. पण दुसरं काही नाही, हे मला शेजाऱ्यांकडूनच घ्यावं लागतं. दोन जण नाही म्हणाले तर केस बंद. मग तुम्ही अपील करा."

तेव्हा समोरचं जाळीचं दार उघडलं. शिवरकर बाई गळ्यात टेप अडकवून बाहेर आल्या.

"मी सांगते," त्या म्हणाल्या. "खांबेट्यांना काय माहिती असणार? त्यांचं लक्ष कुंड्यांवर. या बाईकडे काही नाही, मॅडम. कवडी नाही. मी पहिल्या दिवसापासून बघतेय."

ही बाई आपल्या बाजूनं बोलतेय की आपले कपडे उतरवतेय, हे चंपाबाईंना कळेना.

"यांच्या सुक्या कचऱ्यात दुधाची पिशवी नसते. एक दिवस नाही. चहा कोरा. पाहुणा आला तर यांना उपवास आठवतो. लाइट एकच, आणि मी माझा पॅसेजचा लावला की तोही बंद. जड जरीच्या पिशवीत रेशनचा तांदूळ असतो, तळातून सांडलेले दाणे मुंग्या माझ्या उंबऱ्यावर आणतात. साड्या चार. आलटूनपालटून नेसतात, पिना बदलतात म्हणजे नवी वाटावी. पैठणी कसली आलीय."

"हे तुम्ही स्वतः बघितलंय?" मॅडमनी विचारलं.

"अहो, मी सोडून बघणार कोण?"

"काकू, बरोबर आहे का हे?"

एकेक वाक्य चंपाबाईंच्या कानाखाली बसत होतं. आणि प्रत्येक वाक्याला त्यांना मान डोलवावी लागत होती. नाही म्हटलं की पैसे गेले. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. कोरा चहा? बरोबर. चार साड्या? बरोबर. जिना उतरणारे दोघं जण मध्येच थांबले, त्यांच्यादेखत बरोबर. पायल मॅडम भराभर लिहीत होत्या. शिवरकर बाईंना आता वारं भरलं होतं. आपली इतक्या महिन्यांची मेहनत कुठे तरी सरकारी कागदावर उतरतेय, असा सोहळा माणसाच्या नशिबी रोज येत नाही.

"आणि तो सत्यनारायणाचा शिरा," त्या म्हणाल्या. "साजूक तूप म्हणे. यांना कुठलं साजूक? डालडा होता. मला वासानंच कळलं."

चंपाबाईंचं डोकं झटकन वर आलं.

"साजूक होतं," त्या म्हणाल्या.

मॅडमचं पेन थांबलं. "साजूक तूप? सगळ्या सोसायटीच्या प्रसादाला? कुठून आणलंत, काकू?"

खांबेटे पुढे झुकले. जिन्यातले दोघं एक पायरी खाली आले.

दिरानं दिलं म्हटलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला, दीर सांभाळतात का? आणि बापूरावांना फोन गेला, तर तो माणूस आनंदानं हो म्हणेल. 'सांभाळतो की, आमचीच हाय ती.' मग निराधार कुठल्या? जा लोणी काळभोरला, आणि करा तीस माणसांचं. खरेदी केलं म्हणावं, तर पैसे कुठले? त्यांनी कोथरूडला येऊन जे जे सांगितलं होतं, त्यातली एकच गोष्ट खरी होती, आणि ती पातेल्यात होती. मिस्टर असते तर? मंगल कार्यालयात एकदा मालकानं डालडा वापरायला सांगितला म्हणून ते उलथणं ठेवून निघून आले होते. महिनाभर घरी बसले होते.

"काकू?"

"डालडा होता," चंपाबाई म्हणाल्या.

पहिले खांबेटे हलले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"सोसायटीच्या सत्यनारायणाला डालडा? देवाला डालडा? आणि मी तुम्हाला ठीक आहे म्हणालो?" दोन फ्लॅटचं खोटं त्यांना एवढं लागलं नव्हतं. आपलं 'ठीक आहे' फसवून घेतलं गेलं, हे त्यांना सहन होईना. "मॅडम, द्या तो कागद. जी बाई देवाच्या प्रसादात डालडा घालते तिच्याकडे फ्लॅट असणं शक्यच नाही. अशी दरिद्री बाई निराधारच असणार. कुठे करू सही?"

त्यांनी सही केली. इतकी दाबून की कागद खालच्या फाइलला चिकटला. शिवरकर बाईंनी त्याखाली केली, नावापुढे 'शिवणकला विशारद' असं लिहून. कैक वर्षांत त्या दोघांचं एका कागदावर एकमत झालं नव्हतं.

"झालं, काकू," पायल मॅडम म्हणाल्या. "पैसे चालू राहतील, टेन्शन नाही. पुढच्या वर्षी परत व्हिजिट असेल. पंच शक्यतो हेच ठेवा, म्हणजे मला सोपं जाईल." हेल्मेट घालून त्या निघूनही गेल्या.

संध्याकाळपर्यंत बातमी चार मजले चढून गच्चीवर पोचली. फलकावर नवी ओळ आली, 'यापुढे प्रसाद सोसायटीच्या खर्चाने व देखरेखीखाली'. चंपाबाई दिसल्या की लोक बाजूला सरकायचे. त्या खोलीत बसून राहिल्या. रडल्या नाहीत. खांबेट्यांच्या कुंडीकडे खिडकीतून बघत मनातल्या मनात मोजून शिव्या दिल्या, आणि त्यातल्या बऱ्याच स्वतःलाही लागू होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. शिवरकर बाई. हातात झाकलेला वाडगा.

"मटकीची उसळ केली होती. जरा जास्त झाली."

चंपाबाईंनी वाडग्याकडे बघितलं. वाफ येत होती. बरी झाली असावी.

"नको."

"अहो घ्या. काल मी जरा जास्तच बोलले. तूप साजूक होतं, तेवढं मला कळतं. पण तुम्ही डालडा कबूल कराल असं वाटलं नव्हतं."

"कळत होतं, तर बोललात कशाला?"

शिवरकर बाईंनी खांदे उडवले. "बोलण्याच्या भरात गेलं. आता घेताय की नाही? हात भाजतोय."

"नाही घेत. वर्षानं मॅडम येतील. तेव्हा तुम्हीच सांगाल, हिला समोरून वाडगा जातो, हिला आधार आहे."

शिवरकर बाईंनी क्षणभर विचार केला. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता, तेवढं त्यांचं स्वतःबद्दल मत होतं.

"विचारलं तर सांगावं लागेलच," त्या म्हणाल्या. "दिलेलं दिलं म्हणावं लागतं."

"म्हणूनच नको. आणि तुमचं ते चपलांचं कपाट पुन्हा पुढे आलंय. मागे घ्या, नाही तर मी रस्त्यावर ठेवीन."

"काय बाई आहे," शिवरकर बाई म्हणाल्या. "माणसानं चांगुलपणानं यावं तर."

"येऊ नका."

दार लागलं. चंपाबाई आतल्या बाजूला कडीला हात धरून उभ्या राहिल्या. बाहेर शिवरकर बाई जिन्याकडे तोंड करून वरच्या मजल्यावर ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगत होत्या, "खांबेटे, ऐकलंत का? खायला नाही आणि मिजास बघा. उसळ नको म्हणतेय. भिकेचे डोहाळे दुसरं काय." आणि वरून खांबेट्यांचा आवाज आला, "मी तर तिला दारातही उभी करणार नाही."

चंपाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग कडी नीट बसली आहे ना ते बघितलं आणि गॅसवर कोऱ्या चहाचं आधण ठेवायला गेल्या. एवढं वैर वर्षभर टिकवायचं होतं. मध्ये दिवाळी होती. दिवाळीत लोक फराळाची ताटं घेऊन हिंडतात, त्याचं आधीच काहीतरी बघायला हवं होतं.